राक्षस मारण्याची मजुरी

इतिहासाच्या व्याख्यानात संगणकावरच्या खेळाचे नाव काढले की सभ्य श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडते, हे मी जाणून आहे. रिकामटेकड्या पोरांचा उद्योग, एवढीच बहुतेकांची त्यासंबंधी समजूत असते. पण मी ज्या चळवळीत आयुष्य काढले तिथे एक सवय लागते. कोणतीही वस्तू समोर आली की ती कोणी केली, किती तासांत केली, आणि त्याबद्दल त्याच्या हातावर काय पडले, हे आधी विचारायचे. लुगडे असो, बोल्ट असो, की पडद्यावरचे खोटे जंगल असो. प्रश्न तोच राहतो. आज ज्या खेळाविषयी बोलणार आहे तो १९ मे २०१५ रोजी बाजारात आला. त्याचे नाव 'द विचर ३ : वाइल्ड हंट'. तो वॉर्सा शहरात तयार झाला, आणि २०२३ सालापर्यंत त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या असे कंपनीने जाहीर केले. मी तो स्वतः खेळलो आहे, आणि ज्यांनी तो केला त्यांच्या कामाच्या इतिहासाबद्दल जे छापून आले आहे तेही वाचले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याखेरीज ह्या खेळाचे परीक्षण पुरे होत नाही, असे माझे मत आहे.

प्रथम 'खुले जग' म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जुन्या खेळांत खेळाडूचा बाहुला डावीकडून उजवीकडे पळे. वाट एकच, आणि ती ठरलेली. खुल्या जगाच्या खेळात वाट ठरलेली नसते. समोर एक मुलूख पसरलेला असतो. घोड्यावर बसा आणि वाटेल त्या डोंगराकडे निघा; तिथे गाव लागेल, गावात माणसे असतील, त्यांची गाऱ्हाणी असतील. ह्या प्रकाराचा वंश जुना आहे. १९८४ साली इंग्लंडात 'एलीट' नावाच्या खेळाने अवकाशातले अनेक ग्रह खेळाडूस मोकळे करून दिले. १९९६ साली अमेरिकेत 'डॅगरफॉल' निघाला. त्याचा मुलूख एखाद्या देशाएवढा अवाढव्य होता. पण तो बहुतांशी गणिताच्या सूत्राने यंत्राकडून घडवून घेतलेला असल्यामुळे एक गाव पाहिले की शंभर पाहिल्यासारखे होई. त्याच कंपनीने २००२ साली 'मॉरोविंड' काढला तेव्हा मुलूख लहान केला, पण तो हातांनी घडवला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जग जितके खरे वाटावे, तितके माणसाचे हात अधिक लागतात. पडद्यावर जी मोकळीक खेळाडूला मिळते तिची किंमत कोणाच्या तरी रात्रींतून वसूल झालेली असते.

आता मूळ कथेकडे वळतो. आंजेय सापकोव्स्की ह्यांचा जन्म १९४८ साली वूच येथे झाला. वूच म्हणजे पोलंडमधले गिरण्यांचे शहर. ते परदेश व्यापाराच्या नोकरीत होते. 'फांतास्तिका' नावाच्या मासिकाने कथास्पर्धा लावली, घरात मुलगा ते मासिक वाचीत असे, म्हणून ह्यांनी एक गोष्ट लिहून पाठवली. ती डिसेंबर १९८६ च्या अंकात छापली गेली आणि तिला तिसरे बक्षीस मिळाले. गोष्टीचे मूळ एका पोलिश लोककथेत आहे. गरीब चांभाराचा पोर युक्तीने राक्षसी सर्प मारतो आणि राजकन्या मिळवतो, अशी ती कथा. सापकोव्स्कींनी पुढे मुलाखतीत सांगितले की हे काही त्यांना पटेना. चांभार जोडे चांगले शिवतो. राक्षस मारणे हा त्याचा धंदा नव्हे. शिपाई आणि सरदार ह्यांना अक्कल बेताची. तेव्हा राक्षस मारील तो त्याच कामाचा कसबी, आणि तो पैसे घेऊन मारील.

ह्या एका विचारातून गेराल्ट हे पात्र जन्मले. लहानपणीच त्याला धंद्यात घातलेले आहे. विषारी काढे पाजून त्याचे शरीर कामाजोगे करून घेतले आहे. त्याचे डोळे मांजरासारखे झाले आहेत, आणि आता तो दुसरे काही होऊ शकत नाही. पहिल्याच कथेत तो एका राजाच्या जाहिरातीवरून येतो. तीत तीन हजार ओरेनचे बक्षीस लिहिलेले असते. लोकांना त्याची गरज असते तोवर ते त्याला बोलावतात, आणि काम झाले की तो गावाबाहेर कधी जातो ह्याची वाट पाहतात. गटारात उतरणाऱ्या माणसाशी समाज कसा वागतो ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्यात परके काही वाटणार नाही.

ही गोष्ट छापली गेली तेव्हाचा पोलंड कसा होता हेही पाहिले पाहिजे. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यात संप झाला, एकवीस मागण्या फाटकावर लागल्या, आणि त्यातून 'सॉलिडॅरिटी' ही संघटना उभी राहिली. १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. पुढच्या वर्षी ती संघटना बेकायदा ठरली, आणि १९८९ पर्यंत तिला उघडपणे नांदता आले नाही. सापकोव्स्कींच्या मनात हे सारे होते की नव्हते, त्यावर मी तर्क करणार नाही. तो काळ असा होता एवढेच नोंदवतो.

त्यानंतर बाजार आला. १९९० च्या जानेवारीत एका झटक्यात अर्थव्यवस्था खुली झाली. कारखाने बंद पडले, आणि रस्त्यारस्त्यांवर गाड्या, टेबले, पथाऱ्या मांडून लोक विकू लागले. वॉर्सात ग्झिबोव्स्का रस्त्यावर शनिवार-रविवारी संगणकाचा बाजार भरे. तिथे परदेशी खेळांच्या नकला सर्रास विकल्या जात. त्याला चोरीही म्हणता येत नसे, कारण संगणकावरच्या वस्तूंना स्पष्ट संरक्षण देणारा स्वामित्वहक्काचा नवा कायदा ४ फेब्रुवारी १९९४ चा. त्याच बाजारात मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की हे दोन शाळासोबती खेळ विकत असत. कायदा झाला त्याच वर्षी दोघांनी 'सीडी प्रोजेक्ट' ही कंपनी काढली आणि परदेशी खेळ रीतसर आणून विकण्यास आरंभ केला.

त्यांच्या चातुर्याची मला मनापासून गंमत वाटते. नकली प्रत कवडीमोलाने मिळत असता लोकांनी खरी का घ्यावी? १९९९ साली 'बॉल्डर्स गेट' हा परदेशी खेळ त्यांनी पूर्ण पोलिश भाषेत आणला. प्योत्र फ्रोंचेव्स्की ह्यांच्यासारख्या नामवंत नटांचे आवाज घेतले. पाच तबकड्या, नकाशा, पुस्तिका, संगीताची वेगळी तबकडी, असे भरगच्च खोके केले. तबकडीची नक्कल करता येते, खोक्याची करणे परवडत नाही. पहिल्या दिवशी सुमारे १८,००० संच गेले. मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भाषेचे प्रेम जागवणारे भाषण तिथे कोणी केले नाही. लोकांना आपल्या भाषेत चांगला माल मिळाला आणि त्यांनी तो घेतला.

पुढे स्वतःचा खेळ करावयाचा असे ठरले. २००२ साली वूच येथे लहानसा कारखाना, म्हणजे स्टुडिओ, उघडला. नंतर तो वॉर्सास गेला. पहिला 'विचर' ऑक्टोबर २००७ मध्ये आणि दुसरा २०११ साली आला. त्याच वर्षी पंतप्रधान दोनाल्द तुस्क ह्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा ह्यांना दुसऱ्या खेळाची खास प्रत भेट दिली. जून २०१४ मध्ये वॉर्साच्या भाषणात ओबामांनी त्या भेटीचा उल्लेख केला. आपल्याला असले खेळ फारसे येत नाहीत, पण नव्या जागतिक अर्थव्यवस्थेत पोलंडचे स्थान काय ते ह्यातून दिसते, अशा अर्थाचे ते बोलले. एके काळी जो देश जहाजे आणि कोळसा ह्यांसाठी ओळखला जाई त्याच्या पंतप्रधानाने परकी पाहुण्यास खेळाचे खोके द्यावे, ही इतिहासातील लहान घटना नव्हे.

आता तिसऱ्या खेळाच्या आत जाऊ.

व्हाइट ऑर्चर्ड नावाच्या गावापासून आरंभ होतो. दक्षिणेच्या निल्फगार्ड साम्राज्याचे सैन्य नुकतेच ह्या मुलखावरून गेले आहे. झाडांना प्रेते लोंबत आहेत, शेते तुडवली आहेत, रानात भटकी कुत्री झाली आहेत. गावच्या खानावळीजवळ एक फळा आहे आणि त्यावर कागद डकवलेले आहेत. कोणाचा भाऊ लढाईत हरवला, कोणाच्या विहिरीपाशी भर दुपारी हडळ दिसते. गेराल्ट कागद फाडून घेतो, जाहिरात देणाऱ्याकडे जातो, आणि आधी मजुरी ठरवतो. पडद्यावर एक पट्टी येते. ती सरकवून आकडा वाढवता येतो. फार ताणले तर समोरचा चिडतो आणि बोलणे फिसकटते. हजारो वाटाघाटींना बसलेला माणूस म्हणून सांगतो, की ती पट्टी ज्याने बसवली त्याला मालकाच्या चेहऱ्याचा अनुभव असला पाहिजे. विशेष म्हणजे समोरचा बहुधा मालक नसतोच. तो स्वतःच नागवलेला शेतकरी असतो, आणि वर्गणी गोळा करून दिलेल्या नाण्यांतून जास्त मागताना खेळाडूचा हात अडखळतो. एक म्हातारी तर आपला अडकलेला तवा सोडवून आणण्याची विनवणी करते. युद्धकाळातल्या म्हातारीला तवा म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला कळले होते.

त्याच गावात निल्फगार्डचा ठाणेदार आहे. धान्याच्या सारावसुलीसाठी तो एका शेतकऱ्याशी बोलतो, तेव्हा शेतीतले कळणाऱ्या माणसासारखा समजुतीने बोलतो. ऐकणाऱ्याला वाटते, हा माणूस बरा दिसतो. थोड्या वेळाने तोच शेतकरी नासके धान्य देतो आणि तोच ठाणेदार त्याला चाबकाने फोडून काढवतो. गावाला छळणारा जो पंखवाला श्वापद गेराल्टने मारायचा असतो, त्याच्या मादीला ह्याच सैन्याने मारून घरटे जाळलेले असते. म्हणजे राक्षस आकाशातून पडत नाही. तो कोणाच्या तरी करणीतून पैदा होतो. हे सारे पहिल्या दोन-तीन तासांत येते, आणि कोणी त्यावर प्रवचन करीत नाही.

पुढे वेलेन हा दलदलीचा प्रांत लागतो. इथला 'रक्ताळ बॅरन' हा स्वयंघोषित जहागीरदार. फिलिप स्ट्रेंगर हा मूळचा सैनिक. युद्धात पडका गढ बळकावून बसला आहे. त्याची बायको आणि मुलगी नाहीशी झाल्या आहेत, आणि त्यांना शोधण्याचे काम तो गेराल्टला देतो. शोध घेता घेता बाहेर येते ते हे की दारूच्या नशेत तो बायकोला मारीत असे आणि त्या मारातच तिचा गर्भ पडला. न जन्मलेले ते मूल पिशाच्च होऊन फिरते आहे. बापाने त्याला हातात उचलून न्यायचे, नाव द्यायचे, आणि उंबऱ्याखाली पुरायचे, असा विधी आहे. ही स्लाव लोकसमजूत आहे. पण मला चाळींतल्या किती खोल्या आठवल्या ते सांगत नाही. संघटनेचा कार्यकर्ता पगारवाढीसाठी भांडतो. वाढीव पगार कुठल्या दुकानात जातो आणि त्या रात्री घरात काय होते, हा विषय आम्ही पुष्कळ वर्षे सभेत घेतलाच नाही. ह्या खेळाने तो घेतला आहे. बॅरनला त्याने सैतान केलेले नाही आणि माफही केलेले नाही.

त्याच प्रकरणात एक टेकडी आहे, तिच्या पोटात एक कैदी आत्मा आहे. त्याला सोडले तर दलदलीतली अनाथ पोरे वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होते, बॅरनची बायको मरते आणि तो गळफास घेतो. मारले तर गाव राहते, पोरे मात्र नाहीशी होतात, आणि बॅरन वेड्या झालेल्या बायकोला घेऊन दूर डोंगरांकडे निघतो. निवड करताना ह्यातले बहुतेक काही ठाऊक नसते. बरोबर उत्तर नसलेला प्रश्न तरुण मुलांच्या पुढे इतक्या सरळपणे टाकणारी कादंबरीही अलीकडे क्वचित वाचली.

ही झाली स्तुती. उणीवही सांगितली पाहिजे. सत्तर-ऐंशी तास मी त्या मुलखात हिंडलो. उपाशी गावे पाहिली, वखारी पाहिल्या, नोविग्राडच्या चौकात जादूगार जाळले जाताना पाहिले. परंतु माझ्या वाटेला आलेल्या त्या गावांपैकी एकाही गावाने एकत्र बसून सारा देणार नाही असे ठरवलेले मला दिसले नाही. गरीब माणूस तिथे बळी असतो, नाहीतर लबाड असतो, नाहीतर जमाव होऊन परक्याला ठेचतो. स्वतः गेराल्टही एकटाच घासाघीस करतो. त्याच्या धंद्याचे मोजके लोक उरले आहेत, जुना गढ ओस पडत चालला आहे, पण दर ठरवून घ्यावा असे त्यांच्यापैकी कोणास सुचत नाही. एकवीस मागण्या फाटकावर लावणाऱ्या देशात रचलेले हे जग. मोकळीक अफाट, पण ती ज्याच्या-त्याच्यापुरती! खेळाचा एकच खेळाडू असतो, तेव्हा दुसरे काय होणार, असे उत्तर मला एका जाणत्या मुलाने दिले. उत्तर चुकीचे नाही, पण माझे समाधान झाले नाही.

आता हे जग उभारणाऱ्यांकडे येतो. तिसऱ्या खेळास सुमारे साडेतीन वर्षे लागली. खर्च, जाहिरातींसह, सुमारे ३० कोटी झ्लॉटी. मुख्य स्टुडिओत सुमारे २४० माणसे. बाहेरचे आवाज देणारे, भाषांतर करणारे, तपासणारे धरून जगभरातील सुमारे १,५०० माणसांचे हात लागले. संहिता साडेचार लाख शब्दांहून मोठी. तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. आधी २०१४ चे वर्ष ठरले होते, मग फेब्रुवारी २०१५, मग मे. शेवटच्या काळात माणसे रात्रीच्या रात्री आणि सुट्ट्यांच्या दिवशीही राबली. जेसन श्रायर ह्या अमेरिकन पत्रकाराच्या २०१७ सालच्या पुस्तकात ह्या खेळावर एक सबंध प्रकरण आहे. ह्या राबण्याला त्या धंद्यात 'क्रंच' म्हणतात. आमच्याकडे गिरणीत त्याला डबल पाळी म्हणत. फरक एवढाच, की डबल पाळीला भोंगा तरी होता.

मालकांनी हे नाकारले नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात टीका वाढली तेव्हा इविन्स्की आणि आदाम बादोव्स्की ह्या दोघांनी निवेदन काढले. त्याचा आशय असा, की आमची काम करण्याची रीत प्रत्येकाला मानवणारी नाही. २०१९ मध्ये, 'सायबरपंक २०७७' ह्या पुढच्या खेळाच्या वेळी, जादा काम सक्तीचे असणार नाही असे आश्वासन दिले. सप्टेंबर २०२० मध्ये बादोव्स्कींचे पत्र निघाले आणि सहा दिवसांचा आठवडा सक्तीचा झाला. जादा कामाचे पैसे पोलिश कायद्याने द्यावेच लागतात, नेहमीच्या दिवशी दीडपट आणि रात्री-रविवारी दुप्पट. शिवाय वर्षाच्या नफ्याचा दहावा भाग वाटण्याचे वचनही होते. खेळ १० डिसेंबर २०२० रोजी आला तो इतका कच्चा, की आठवड्याभरात सोनी कंपनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला. सहा दिवसांच्या आठवड्याने मालाची प्रत सुधारते, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी हे उदाहरण जपून ठेवावे.

लेखकाची गोष्टही ह्याच हिशेबातली. सापकोव्स्कींनी खेळाचे हक्क एकरकमी विकले होते; सुमारे ३५,००० झ्लॉटी असा आकडा बातम्यांत आला. नफ्यात वाटा देऊ केला होता, पण ह्या खेळाला नफा होईल असे त्यांना वाटले नाही, म्हणून सगळे पैसे आधीच मागितले, हे त्यांनीच सांगितले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांच्या वकिलांनी किमान सहा कोटी झ्लॉटींची मागणी करणारे पत्र पाठवले. लोक हसले. सही केली, आता रडतो कशाला, म्हणाले. पण १९९४ च्या त्याच कायद्यात ४४ वे कलम आहे: हक्क घेणाऱ्याला झालेल्या लाभाच्या मानाने लेखकाचा मोबदला अत्यंत तोकडा ठरला, तर न्यायालयाकडून तो वाढवून मागता येतो. म्हणजे सही म्हणजे शेवट नव्हे, ही गोष्ट कायद्याने मान्य केली आहे. ज्या कायद्याने ह्या कंपनीला नकली मालापासून संरक्षण दिले त्याच कायद्याने लेखकालाही दार ठेवले होते. कंपनीने मागणी निराधार म्हटली, आणि २० डिसेंबर २०१९ रोजी नवा करार झाल्याचे जाहीर केले. अटी गुप्त आहेत.

लेखक एकटा होता, तरी त्याच्यापाशी नाव होते आणि ४४ वे कलम होते. म्हातारीचा तवा ज्याने घडवला, झाडांची पाने वाऱ्यावर ज्याने हलवली, त्याच्यापाशी काय होते? पोलंडमध्ये पुष्कळ तरुण नोकरीवर नसतातच. दिवाणी करारावर असतात. त्या करारांना तिथले लोक 'कचरा करार' म्हणतात. फार दिवसांपर्यंत अशा माणसांना संघटनेचे सभासद होण्याचाही हक्क नव्हता. १ जानेवारी २०१९ पासून कायदा बदलला आणि मोबदला घेऊन काम करणाऱ्या कोणालाही तो मिळाला. जुलै २०२३ मध्ये सीडी प्रोजेक्टने सुमारे शंभर माणसे, म्हणजे शेकडा नऊ, कमी करण्याचे जाहीर केले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिथल्या कामगारांनी 'खेळ उद्योग कामगार संघटना' उभी केल्याचे जाहीर केले, आणि कारण म्हणून ह्याच कपातीचा स्पष्ट उल्लेख केला. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने चौथा 'विचर' लोकांसमोर ठेवला. त्यात गेराल्टच्या जागी सिरी ही त्याची मानसकन्या आहे. तो ज्या स्टुडिओत घडतो आहे तिथे आता काही टेबलांवर सभासदाच्या पावत्याही असतील.

तिथल्या कायद्याने संघटना काढायला दहा माणसे लागतात. आमच्या १९२६ च्या कायद्याने सात पुरेशी मानली होती. पुण्यात एका फ्रेंच कंपनीचा खेळांचा स्टुडिओ २००८ साली, आणि मुंबईत २०१८ साली सुरू झाला. परदेशी खेळांची झाडे, भिंती, घोडे तयार करून देण्याचे काम आपली मुले अनेक वर्षे करीत आली आहेत. त्यांच्यापैकी कोणी ह्या सभेला आले असेल, तर आभारप्रदर्शन झाल्यावर मी मागच्या दाराशी थांबणार आहे.